शर्यतीचे टायर आणि रहदारीचा रस्ता
(नभोवाणीवरील भाषण)

शाळा सोडून गेलेला विद्यार्थी पुष्कळ वर्षांनी आपल्या शिक्षकाला प्रश्न विचारतो, तेव्हा तो प्रश्न परीक्षेसाठी विचारलेला नसतो. त्यामागे काहीतरी घडलेले असते. असाच एक प्रश्न मला मध्यंतरी अमेरिकेहून आला. विचारणारा मुलगा एके काळी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असे. आता तो तिकडे दक्षिणेकडच्या एका शहरात नोकरीस आहे. त्याने फोनवर विचारले, "सर, माझ्या गाडीचे टायर कायदेशीर होते. त्यांवर सरकारमान्य शिक्का होता. मग माझे चुकले कोठे?"

घडले ते असे. त्याने वीस वर्षांपूर्वीची एक जोरकस इंजिनाची मोटार जुन्या बाजारातून विकत घेतली. तिचे मागचे टायर चांगलेच रुंद होते, रबर बोटाला मऊ लागे, आणि नक्षी म्हणाल तर मोजक्या चार खाचा. विकणाऱ्याने सांगितले की हे ड्रॅग शर्यतीच्या जातीचे टायर आहेत, परंतु रस्त्यावर चालवण्यास पूर्ण कायदेशीर आहेत. ते सांगणे खोटे नव्हते. महिनाभर मुलगा त्या गाडीने कामावर जात-येत होता. एके दिवशी जोराचा पाऊस झाला. रस्त्याच्या वळणावर पाणी साचले होते. गाडीचा वेग ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर होता. त्या देशात हा वेग काही अचाट नव्हे. परंतु पाण्यावर येताच गाडीचा मागचा भाग पुढे येऊ लागला, गाडी गर्रकन फिरली आणि कडेच्या गवतावर उलट्या दिशेला तोंड करून थांबली. मागून येणाऱ्या गाडीत एक आजोबा आणि त्यांचा लहान नातू होता. आजोबांनी अंतर राखले होते, म्हणून कोणालाच काही झाले नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे उमगले, ते आज आपल्यापुढे ठेवावे असा विचार आहे.

प्रथम हे टायर म्हणजे काय ते पाहू. ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ रेषेतील शर्यत. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होताच सुटतात, आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर जी आधी कापील ती जिंकते. या खेळाचे मूळ दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुणांना जुन्या गाड्या दुरुस्त करून पळवण्याचा नाद वाढला. काही जण तो नाद भर रस्त्यावर पुरवू लागले आणि माणसे दगावू लागली. तेव्हा हा खेळ रस्त्यावरून उचलून बंदिस्त मैदानात न्यावा, या हेतूने वॉली पार्क्स या गृहस्थांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापली. १९५३ साली पोमोना येथे तिची पहिली अधिकृत शर्यत झाली. हा इतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्या खेळासाठी हे टायर जन्मले, त्या खेळाची संघटनाच मुळी रस्ता आणि शर्यत यांची फारकत करण्यासाठी उभी राहिली.

या शर्यतीत सारा खेळ पहिल्या काही क्षणांचा असतो. इंजिनाची शक्ती चाकांवाटे जमिनीला भिडली पाहिजे. चाके जागीच घसरली तर शर्यत तेथेच संपली. म्हणून कोरड्या जमिनीला जास्तीत जास्त रबर चिकटावे अशी योजना करतात. शाळेच्या पुस्तकात आपण शिकतो की घर्षण हे स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते. लाकूड आणि लोखंड हा नियम बऱ्याच अंशी पाळतात, पण मऊ रबर पाळत नाही. ते खडबडीत जमिनीच्या बारीक उंचसखल भागांत शिरून बसते आणि तिला चिकटूनही राहते. म्हणून शर्यतीच्या अस्सल टायरवर खाचाच नसतात. तो जन्मतःच गुळगुळीत असतो. आपल्याकडे गॅरेजवाले झिजलेल्या टायरला 'गोटा झाला' म्हणतात, तसा तो कारखान्यातूनच गोटा होऊन येतो. त्याला तिकडे 'स्लिक' असे नाव आहे. शर्यतीपूर्वी चाके जागच्या जागी गरगर फिरवून धूर काढतात तो निव्वळ दिखावा नव्हे. रबर तापून अधिक चिकट व्हावे म्हणून ते करतात. धावपट्टीवरही राळेसारखे चिकट द्रव्य शिंपडलेले असते.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेत १९६६ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने वाहतूक व मोटारवाहन सुरक्षेचा कायदा झाला, आणि त्याखाली मोटारींच्या नव्या टायरांसाठी १०९ क्रमांकाचे मानक १ जानेवारी १९६८ पासून लागू झाले. पुढे बहुतेक आधुनिक टायरांसाठी १३९ क्रमांकाचे अधिक कडक मानक आले. या मानकांत उतरणाऱ्या टायरच्या बाजूवर 'डीओटी' ही तीन अक्षरे उठवलेली असतात. डिपार्टमेंट ऑफ ट्रान्सपोर्टेशन, म्हणजे तेथील वाहतूक खाते, या नावाची ती आद्याक्षरे. त्यांच्यापुढे अंक-अक्षरांची एक मालिका असते आणि २००० सालापासून तिचे शेवटचे चार अंक टायर घडवल्याचा आठवडा व वर्ष सांगतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील समजावा.

या हिशेबाने ड्रॅग शर्यतीच्या टायरांचे दोन वर्ग पडतात. पहिला अस्सल स्लिकचा. त्यावर डीओटीची अक्षरे नसतात. उलट 'महामार्गावर वापरण्यासाठी नाही' अशा अर्थाची सूचना असते. हा टायर रस्त्यावर चालवणे बेकायदेशीर, याबद्दल संदेह नको. झीज दाखवणाऱ्या पट्ट्या टायरच्या खाचांत असल्याच पाहिजेत अशी मानकाची अट आहे, आणि ज्याला खाचाच नाहीत तो ती पाळणार कशी?

दुसरा वर्ग डीओटीची अक्षरे मिरवणाऱ्या ड्रॅग टायरांचा. यांचे रबर शर्यतीच्या टायरासारखेच मऊ, पण अंगावर मोजक्या खाचा कोरलेल्या आणि मानकाच्या चाचण्या उत्तीर्ण झालेल्या. १९५०–६० च्या दशकांत नियमात बसावे एवढ्यापुरत्या बारीक रेघा पाडलेल्या टायरांना खेळाडू थट्टेने 'चीटर स्लिक', म्हणजे लबाड स्लिक, म्हणत. आजचा 'ड्रॅग रेडिअल' हा त्यांचाच सुधारलेला आणि सभ्य झालेला वंशज होय. २०१८ सालच्या डॉज चॅलेंजर एसआरटी डीमन या मोटारीला तर कारखान्यातूनच निट्टो कंपनीचे असे टायर चढवलेले होते. पाव मैल अंतर ९.६५ सेकंदांत कापणारी ही मोटार नोंदणी करून बाजारहाटाला नेता येत असे. म्हणजे हा दुसरा वर्ग कायद्याने रस्त्यावर चालतो. माझ्या विद्यार्थ्याचे टायर याच वर्गातले होते.

परंतु या मोकळिकीला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की केंद्राचे मानक नवा टायर कसा असावा ते सांगते. तो रस्त्यावर कोठवर वापरावा हे त्या त्या राज्याचा कायदा ठरवतो. बहुतेक राज्यांत खाचांची खोली इंचाच्या बत्तिसाव्या भागाच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, तरी उरलेली असावी लागते. कॅलिफोर्नियात मोटारीसाठी ही मर्यादा एक बत्तिसांश इंच आहे. तिकडचे लोक एका सेंटच्या नाण्यावरील लिंकनचे डोके खाचेत उलटे घालून बघतात. डोक्याचा माथा उघडा दिसला की टायर गेला म्हणून समजावे. ड्रॅग रेडिअलला मुळात खाचा थोड्या आणि रबर मऊ, त्यामुळे ही मर्यादा लवकर गाठली जाते. अमेरिकेत टायरवर झिजेचा एक गुणांकही छापतात. प्रमाण म्हणून घेतलेल्या टायरला १०० धरून बाकीचे त्याच्याशी ताडतात. नेहमीच्या टायरला चारशे-पाचशे अंक मिळणे ही साधी गोष्ट आहे. काही ड्रॅग रेडिअलांवर मात्र हा अंक चक्क ०० असतो. टायरबरोबर त्याचा कायदेशीरपणाही झिजत जातो, असे म्हटले तरी चालेल.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. डीओटी ही अक्षरे म्हणजे सरकारने त्या टायरची परीक्षा घेऊन दिलेले प्रशस्तिपत्र, असा आपला समज असतो. वास्तविक ते कारखानदाराने स्वतः दिलेले वचन आहे. माल आधी बाजारात येतो. सरकारी खाते पुढे त्यातले काही नमुने विकत घेऊन तपासते. आणि ते वचन तरी कशाचे? टायर सहज फुटणार नाही, दीर्घकाळ चालवला असता विस्कटणार नाही, मोठ्या वेगाला टिकेल, चाकाच्या कडेवरून निसटणार नाही, एवढ्याचे. १९६८ च्या मानकात ओल्या रस्त्यावरील पकडीची चाचणी नव्हती, आणि १३९ क्रमांकाचे मानक तयार झाले तेव्हाही ती त्यात घातली गेली नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी माझा विद्यार्थी त्या शिक्क्यावर विसंबला होता, नेमक्या त्याच गोष्टीबद्दल तो शिक्का मूक होता.

आता थोडे गणित. श्रोत्यांनी कंटाळू नये. हे सातवीच्या मुलालाही जमेल. टायरच्या खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखालचे पाणी बाहेर पडण्याच्या त्या मोऱ्या होत. पाणी बाहेर पडायला फुरसत मिळाली नाही की त्याची पाचर टायरखाली शिरते आणि चाक जमिनीवरून उचलले जाऊन पाण्यावर तरंगते. मग सुकाणू फिरवा की ब्रेक दाबा, सगळे व्यर्थ. अमेरिकेच्या नासा या संस्थेतील वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ साली विमानांच्या चाकांविषयी एक सोपे सूत्र मांडले. टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास किती पौंड आहे ते पाहावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ९ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे चाक तरंगू लागण्याचा वेग, सागरी मैलांत. हवा ३६ पौंड असेल तर वर्गमूळ ६. सहा नवे चोपन्न, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर. हवा १६ पौंड असेल तर वर्गमूळ ४. चार नवे छत्तीस, म्हणजे ताशी सुमारे ६७ किलोमीटर.

अपघातानंतर गॅरेजमध्ये हवा तपासली, तेव्हा त्या मुलाच्या मागच्या टायरांत भरली १६ पौंड! शर्यतीच्या पट्टीवर टायर जमिनीला अधिक बिलगावा म्हणून खेळाडू हवा कमी ठेवतात. आधीच्या मालकाने ती तशीच ठेवली होती, आणि या पोराने महिनाभर ती पाहिलीच नव्हती. हे सूत्र साचलेल्या पाण्यासाठी आणि विमानाच्या चाकांसाठी आहे. मोटारीच्या टायरला ते तंतोतंत लागू पडत नाही. चांगल्या खोल खाचा असल्या तर चाक त्याहून अधिक वेगापर्यंत जमीन धरून राहू शकते. पण खाचा मोजक्या आणि हवा निम्म्याहून कमी, अशी जोडी जमली की ताशी ७२ किलोमीटर हा वेग धोक्याच्या रेषेपलीकडे जातो, हे समजण्यास एवढे गणित पुरेसे आहे.

हे टायर बनवणारे लोकही ही गोष्ट लपवीत नाहीत. पाणी साचलेल्या रस्त्यावर आणि गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीत असे टायर वापरू नयेत, असे ते स्वतःच बजावतात. थंडीत हे मऊ रबर कडक होऊन पकड सोडते. मागे एका बांधणीचे आणि पुढे दुसऱ्या बांधणीचे टायर घातले तर गाडी हाताबाहेर जाऊ शकते, हाही इशारा असतो. विकणाऱ्याने 'कायदेशीर' हा एक शब्द सांगितला आणि बाकीचे शब्द गिळले. घेणाऱ्यानेही विचारले नाहीत.

येथे मला एक गोष्ट फार बोलकी वाटते. ड्रॅग शर्यतीच्या मैदानावर पावसाचे थेंब पडू लागले की शर्यत थांबवतात. निष्णात चालक, अंगावर अग्निरोधक पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण, दोन्ही बाजूंना भिंती, दारात रुग्णवाहिका, इतका सरंजाम असूनही ओल्या पट्टीवर गाडी सोडत नाहीत. पट्टी पुसून कोरडी होईपर्यंत सारे वाट पाहतात. रहदारीच्या रस्त्याला ही सोय नाही. पाऊस आला म्हणून शाळा सुटायची राहत नाही आणि दूधवाला घरी बसत नाही. रस्ता सर्वांचा असतो, आणि तेथे कोणी शर्यतीचे तिकीट काढून आलेले नसते. त्या आजोबांनी आणि त्यांच्या नातवाने या टायरांना संमती दिली नव्हती.

आपल्याकडे हा प्रश्न येतो काय? येतो. गाड्यांना नाना तऱ्हेचे साज चढवण्याची हौस आपल्या तरुणांतही आहे, आणि २०१० च्या दशकात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर रीतसर परवानगीने ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तेथवर ठीक. रस्त्यावर मात्र १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९४ वा नियम लागू होतो. दुचाकी-तिचाकीच्या टायरला किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी असलीच पाहिजे. म्हणजे गुळगुळीत स्लिक येथेही बादच. टायर उत्पादनासाठी २००९ साली काढलेल्या आदेशाने भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आवश्यक झाले. तेव्हा परदेशातून आणलेल्या टायरवर डीओटी लिहिलेले आहे एवढ्याने येथे भागत नाही. ते त्या देशाचे वचन आहे, आपल्या देशाचे नव्हे. २०२२ साली तर आपल्या सरकारने मोटारी, बस आणि ट्रक यांच्या टायरांसाठी ओल्या रस्त्यावरील पकडीचेही मानक अधिसूचित केले. आंबोली आणि चोर्ला घाटांतला आषाढ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या अटीचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. आणि परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली गुन्हा आहे. मग टायर कोणतेही असोत.

माझ्या विद्यार्थ्याला मी काय सांगितले? मी म्हटले, "अरे, तुझे टायर कायदेशीर होते यात शंका नाही. पण कायद्याने तुला 'हा टायर रस्त्यावर आणण्यास हरकत नाही' एवढेच सांगितले होते. 'तो पावसात धरून राहील' असे सांगितले नव्हते. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने तू दुसरा प्रश्न सोडवलास, तेथे तुझे चुकले." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, गणितातही मी असेच करायचो. सूत्र बरोबर, पण उदाहरण निराळेच."

आता त्याने गाडीला नेहमीचे टायर घातले आहेत, आणि शर्यतीचे टायर निराळ्या चाकांवर बसवून घरी ठेवले आहेत. मैदानावर जायचे असेल तेव्हा ते बरोबर नेऊन तेथे चढवतो, आणि परतताना उतरवतो. महिन्यातून दोनदा हवा तपासतो. हौसही राहिली आणि शेजारधर्मही राहिला.

श्रोतेहो, कायदा हा किमान मर्यादा आखून देतो. छत्तीस गुणांना पास होणारा मुलगा अनुत्तीर्ण नव्हे, हे खरे. पण त्याच्या हाती आपण दवाखाना सोपवतो काय? एखादी वस्तू कायद्यात बसते हे ऐकल्यावर आपले काम संपत नाही. ती कशासाठी घडवलेली आहे, कोणत्या परिस्थितीत ती निरुपयोगी ठरते, आणि तसे झाले तर त्याची किंमत कोण मोजील, हे तीन प्रश्न आपले आपणच विचारावे लागतात. त्यांची उत्तरे टायरच्या बाजूवर कोरलेली नसतात. आज सायंकाळी घरी जाताना आपल्या स्वतःच्या वाहनाच्या टायरकडे एकवार वाकून पाहावे, खाचेत बोट घालावे, हवा मोजून घ्यावी, एवढीच माझी विनंती. त्या दोन मिनिटांनी एखाद्या आजोबांचा नातू सुखरूप घरी पोहोचेल.